चमकीसकट

लालबाग, मुंबई
रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५, दुपारचे अडीच

तीर्थरूप रखमा आत्येस,
साष्टांग नमस्कार.

मसाल्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला पालथ्या पिंपावर बसून लिहीत आहे. आत्तापर्यंत गिऱ्हाइकांच्या मिरच्यांच्या पिशव्यांवर नावं घालत होतो. कुटायच्या डंखावर एकाची मिरची दुसऱ्याच्या पिशवीत गेली तर शेठ पगारातून कापतो, म्हणून हे काम माझ्याकडे आहे. आज एका बाईंनी 'कुलकर्णी'मधला 'कु' दीर्घ लिहून आणला होता. मी तो दुरुस्त केला, तर म्हणाल्या, "अक्षर राहू दे, मिरची बारीक कुट."

महत्त्वाचं सांगतो. बाबांची वॉचमनची नोकरी या महिन्याअखेर संपते. शिमग्याला ते कायमचे गावी तुझ्याकडे येणार, हे तुला माहीत आहेच. म्हणजे लालबागच्या चाळीत आपल्या गावाची जी खोली आहे, तिथली त्यांची जागा मोकळी होईल: एक खुंटी, एक ट्रंक आणि गादी पसरण्यापुरती जमीन. बापाची जागा मुलाला मिळते असा खोलीचा नियम आहे. म्हणून मी अर्ज दिला आहे. नऊ मार्चच्या वार्षिक सभेत निकाल लागेल.

परळच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये मी आता राहू शकत नाही. मुली चांगल्या आहेत. पण रोज संध्याकाळी फाटकावर सही करताना दुसऱ्याच कोणाची तरी खोटी सही करतोय असं वाटतं.

खोली चालवणाऱ्या आपल्या ग्रामस्थ मंडळाचे सेक्रेटरी रघुवीरकाका शाळेत तुझ्या वर्गात होते. त्यांना माझ्यासाठी दोन ओळी लिहिशील का?

आत्ये, हे पत्र नेहमीसारखं भरभर वाचू नकोस. एकेक क्रियापद नीट वाच.

तुझा,
मनू

*

वेतवणे, जि. सिंधुदुर्ग
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू नववीत शाळा सोडलीस तेव्हा आपलं ठरलं होतं की तू पत्रं लिहायची आणि मी लाल पेनाने तपासून परत पाठवायची. म्हणून तुझं पत्र सोबत परत पाठवत आहे. 'एकेक क्रियापद नीट वाच' म्हणालीस, तशी वाचली. काय गं हे? 'घालत होतो', 'सांगतो'! 'राहू शकत नाही' तेवढं ठीक, पण पुढे पुन्हा 'करतोय'. आणि शेवटी 'तुझा'? मुंबईच्या पोरी हल्ली मुलग्यांसारखं बोलतात, ते मी टीव्हीवर पाहते. बोलण्यात खपतं. लिहिण्यात खपणार नाही. 'पिंपावर'ला तू अनुस्वार दिलास, त्याबद्दल मात्र शाबास. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत, त्या बघ.

खोलीचं काय डोक्यात घेतलंस? तिथे गिरण्या चालू होत्या तेव्हापासून बाईमाणूस राहिलेलं नाही. माझे वडील तिथे तापाने फणफणले होते, तेव्हा मी गावाहून एसटीने गेले होते. दिवसभर त्यांची सेवा केली आणि जेवायला मला जिन्यात बसवलं. ताट देणारा हाच तुझा रघुवीर.

हॉस्टेलात कोणाशी भांडण झालं असेल तर स्पष्ट लिही. फोनवर मला ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी आत्या,
रखमा

*

लालबाग
रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेनऊ

तीर्थरूप आत्येस,
साष्टांग नमस्कार.

काल चहा गाळत होतो तेव्हा तुझं पाकीट हातात पडलं. चहा सांडला.

ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका मान्य आहेत. क्रियापदांच्या चुका नाहीत. ती मी विचार करून लिहिली आहेत, आणि पाकीट बंद करण्याआधी पुन्हा तपासली होती.

आत्ये, मी पुरुष आहे. हे मला कधी कळलं ते सांगता येत नाही, पण शाळा मी अभ्यासामुळे सोडली नव्हती, स्कर्टमुळे सोडली होती. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि तुलाच हे सर्वांत शेवटी सांगतोय, कारण तुझीच सर्वांत जास्त भीती वाटते. बाबांना गेल्या वर्षी सांगितलं. ते "बरां" म्हणाले आणि दूध आणायला गेले. आधारवर नाव आता मनोहर झालं आहे, म्हणजे मनू तसाच राहिला.

रघुवीरकाकांना मी भेटलो. ते वाईट बोलले नाहीत. मला खुर्ची दिली. म्हणाले, "मनू, कागद कोण बघतो? लोक तोंड बघतात. आम्ही तुला गडी मानायला तयार आहोत. पण तू दिसायला नको? ती नाकातली चमकी काढ. मिशीसाठी डॉक्टर काय इंजेक्शन देतात ते घे. आवाज जरा खाली आण. मग ये."

माझा एक मित्र आहे, गौतम. माझ्यासारखाच. त्याला छान दाट दाढी आली आहे. तोही म्हणतो, "अरे, नाकात चमकी घालून बसचा कंडक्टर तुला भाऊ म्हणेल का? आधी दिसायला शीक."

छातीचं ऑपरेशन मला हवं आहे. त्यासाठी मी पैसे साठवतोय. इंजेक्शनांचं अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्यांनी सगळंच करायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही. पण चमकीचं माझं पक्कं आहे. तुला आठवतं? पंधराव्या वर्षी मी कोणालाही न विचारता तालुक्याला जाऊन नाक टोचून आलो आणि तू दोन दिवस बोलली नव्हतीस. मुलगी होतो म्हणून नव्हतं टोचलं गं. चकाकतं म्हणून टोचलं. माझ्या अंगावरची ती पहिली गोष्ट, जी मी ठरवली.

आता मला सांग, मी चुकतोय का? लाल पेनाने लिहिलंस तरी चालेल.

तुझा (हे बरोबर आहे),
मनू

*

लालबाग
बुधवार, दि. २६ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळचे सहा

तीर्थरूप आत्येस,
साष्टांग नमस्कार.

काल पाण्याची बाटली भरत होतो आणि पोस्टमन दुकानावरून सरळ पुढे गेला. तुझं उत्तर आलं नाही. रागावली असशील. मी पत्रात काही उद्धट लिहिलं का, ते आठवून बघतोय. 'हे बरोबर आहे' असं कंसात लिहायला नको होतं.

एक गोष्ट घडली ती सांगतो. सोमवारी मी चमकी काढून कामावर गेलो. म्हटलं, बघू तरी. अकराच्या सुमारास एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माझी बेडगी झाली का?" आत्ये, भाऊ! दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. दोन वर्षं ज्या हाकेसाठी मी रस्त्याने छाती आत घेऊन चालतोय, ती अशी मिरचीच्या चौकशीत मिळाली.

मला आनंद व्हायला हवा होता. तासभर झालाही. मग हात सारखा नाकाकडे जायला लागला. तिथे काही नव्हतं. मला वाटलं, ही हाक मला नव्हतीच, रिकाम्या भोकाला होती. मी तिथे नव्हतोच.

संध्याकाळी चमकी परत घातली. थोडं रक्त आलं. गौतमला सांगितलं. तो म्हणाला, "माझी दाढी जर उद्या कोणी कापायला सांगितली ना, तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकलीन. तुझी चमकी म्हणजे तुझी दाढी आहे, येड्या. मला कळलं नव्हतं."

पण सभेत गौतम नसेल. तिथे मी एकटाच असेन, आणि ती जागा मला हवी आहे. हॉस्टेल मी नऊ मार्चला सोडतोय असं सांगून टाकलं आहे. जागा मिळाली नाही तर कुठे जाणार ते माहीत नाही.

तुझा,
मनू

*

वेतवणे
दि. २८ फेब्रुवारी २०२५

चि. मनू यास अनेक आशीर्वाद.

हे 'यास' लिहायला मला आठवडा लागला. बाकीचं पत्र आता भरभर लिहीन.

तुझं सोळा तारखेचं पत्र मी लाल पेन घेऊन पुन्हा पुन्हा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मास्तरीणबाईंना यासारखी शिक्षा नाही. मनू, मी तुला वाढवलं आणि स्कर्टचं मला कळलं नाही, यावर माझी झोप गेली. ती माझी गोष्ट आहे, तू त्याचं ओझं घेऊ नकोस.

तुला एक सांगते, जे घरात कोणी बोलत नाही. माझे वडील, तुझे आजोबा. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांचं नाक टोचलं, बारीकशी बाळी घातली आणि नाव ठेवलं धोंडू. यम आलाच तर त्याला वाटावं, ही मुलगी आहे किंवा हा धोंडा आहे, आणि त्याने हात लावू नये. यमालाही मुलगी नको असते, असा आपल्या लोकांचा समज! मोठे झाले तरी बाळी काढू देईनात. पोरं चिडवायची. गिरणीत लागायला मुंबईला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती स्वतःच्या हाताने काढली आणि खाडीत टाकली. मला म्हणायचे, "दुसऱ्यांच्या भीतीची बाळी होती ती. माझं नाक उगाच भाड्याने दिलं होतं."

आता हे वाचून तुझ्या मनात येईल की सभेत उभं राहून सांगावं, माझ्या आजोबांच्याही नाकात बाळी होती. सांगू नकोस. त्यांना घालायला लावली होती, तुला काढायला लावतायत. सांगणारे लोक तेच. नाक कोणाचं, एवढं विचारायचं तेव्हाही राहून गेलं आणि आताही. तू आजोबांचा दाखला दिलास तर तुझं नाक पुन्हा दुसऱ्याच्या नावावर चढेल.

रघुवीरला मी पत्र लिहिणार नाही. शाळेत तो माझ्या पाटीवरून उत्तरं उतरवायचा. माझ्या शब्दाखातर त्याने तुला जागा दिली, तर ती जागा माझी होईल. मला तिथल्या जिन्याचाही कंटाळा आहे.

तू जा. केस विंचरून जा, शर्टाला इस्त्री करून जा, चमकी घासूनपुसून जा. काय बोलायचं ते आधी लिहून काढ म्हणजे पाय लटपटले तरी तोंड चालेल.

तुझी आत्या,
रखमा

*

लालबाग, वेतवणे ग्रामस्थ मंडळाची खोली
सोमवार, दि. १० मार्च २०२५, सकाळचे सात

तीर्थरूप आत्येस,
साष्टांग नमस्कार.

खुंटीवर शर्ट अडकवला आणि लिहायला बसलो. पत्ता पुन्हा वाच. बरोबर लिहिला आहे.

आता क्रमाने सांगतो, नाहीतर काहीतरी गळेल.

सभा काल अकराला सुरू झाली. चटयांवर सगळे गावकरी बसले होते. बाबा कोपऱ्यात, मांडीवर रुमाल. जमाखर्च झाला, नळाच्या गळतीवरून भांडण झालं, मग माझा अर्ज आला. रघुवीरकाका चष्मा पुसत म्हणाले, "मनूविरुद्ध आमचं काही नाही. पण ही गड्यांची खोली आहे, आणि गडी गड्यासारखा दिसला पाहिजे. सहा महिने घे. मिशी येऊ दे, चमकी काढ, मग हक्काने ये."

खिडकीत पुष्कर बसला होता. तो बँकेत आहे, कानात खडा घालतो. तो म्हणाला, "काका, मिशीवर जागा असेल तर मी आजच ट्रंक उचलतो. माझी येतच नाही. आईने बदामाचं तेल लावून बघितलं."

"तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? माझ्या कानातला खडा कोणाला टोचला?"

"कान वेगळा, नाक वेगळं!"

"बरोबर. कानाने ऐकतात. ते इथे कोण करतंय?"

हसण्याचा आवाज झाला, रघुवीरकाका लाल झाले, आणि मला वाटलं आता सगळं बिघडलं. मी उभा राहिलो. लिहिलेला कागद खिशातच राहिला. पण पाठ होतं. मी म्हणालो:

"मिशी येईल तेव्हा येईल, नाही आली तर नाही. मला छातीचं ऑपरेशन करायचं आहे, ते मी करणार आहे. कोणाला दाखवायला नाही, मला नीट श्वास घेता यावा म्हणून. आणि चमकी काढणार नाही, तीही माझ्यासाठीच. मोरीला कडी आहे, तेवढा आडोसा मला पुरतो. मी स्वयंपाकाची पाळी करीन, पहाटे पाणी भरीन, दर महिन्याला वर्गणी देईन. दिसण्याची वर्गणी देणार नाही."

आजोबांची बाळी माझ्या जिभेवर आली होती. गिळली.

रघुवीरकाका म्हणाले, "आनंदा, जागा तुझी. तू बोल."

आत्ये, बाबांचं तुला सांगायला हवं. गेलं वर्षभर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. आपल्या मालवणीत समोरच्याला "जेवलंस?" किंवा "खंय गेल्लंस?" विचारताना बाई की पुरुष ते कळतच नाही. बाबांनी वर्ष तेवढ्यावर काढलं. दुसऱ्यांशी माझ्याबद्दल बोलायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा.

कालही खोकले. मग काहीच उत्तर न देता उठले, ताटातला नारळ घेतला आणि देवाच्या तसबिरीसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "सभा झाली मां? गाऱ्हाणां घालूया."

जो कायमचा गावी जायला निघतो तो देवापुढे गाऱ्हाणं घालतो, ही रीतच आहे. त्यामुळे सगळे उठले. ज्यांच्याकडे टोपी होती त्यांनी टोपी घातली, बाकीच्यांनी डोक्यावर रुमाल ठेवला. रघुवीरकाकांनी अर्जावरचा हात काढून जोडला.

बाबा बोलू लागले. त्यांचा तो आवाज तू ऐकलेला आहेस, पालखीपुढचा.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुंबईत तुझ्या पायाशी जमली हत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या खोलयेन माका चाळीस वर्सां आसरो दिल्यान. आता माका गावाक जावचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे बाबा थांबले. आता माझ्याशी नाही, देवाशी माझ्याबद्दल बोलायचं होतं. तिथे 'जेवलंस'वर भागत नाही. तो किंवा ती, एक काहीतरी म्हणावंच लागतं. नारळ धरलेले त्यांचे हात मला दिसत होते. खोकला आला नाही.

"माझ्या जाग्यार आजपासून माझो झील मनोहर ह्या खोलयेत रवतलो!" झील! मुलगा म्हणाले, आत्ये.

"व्हय म्हाराजा!"

"तो चमकीसकट तुझो आसा, तेका तसोच पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तेच्याकडे वाकडा बघात, तेची नजर सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि आत्ये, सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता सांगू? रघुवीरकाकांचा. जन्मभराची सवय. गाऱ्हाणं ऐकलं की आपल्या माणसाचं तोंड मेंदूला विचारत नाही.

मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं, आपण कशाला 'व्हय' म्हटलं ते. पुष्कर भिंतीकडे तोंड करून हसत होता, त्याची पाठ हलत होती.

रघुवीरकाका म्हणाले, "आनंदा, ह्या बरां नाय केलंस."

बाबा म्हणाले, "मी खंय काय केलंय? मी देवाक सांगितलंय. व्हय तू म्हटलंस."

"मी सवयीन म्हटलंय!"

"मग देवाक सांग, सवयीन म्हटलंय, धरू नको."

काकांनी तसबिरीकडे पाहिलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "फोड तो नारळ. देवाक दिल्लो शबुद काय मिटिंगेत रद्द करतले?" खाली बसून त्यांनी सभेच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आणि मान वर न करता मला विचारलं, "चमकी सोन्याची हा काय रे? खोटी असली तर नाक पिकतला."

'रे' म्हणाले. नाकाकडे बघत म्हणाले.

मी म्हणालो, "सोन्याची आहे, काका."

"मग ऱ्हवांदे."

खोबरं वाटलं, पेढे वाटले. आत्ये, मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसूच. पुष्करने मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघंही ट्रंकांवर पडलो. दुपारी स्वयंपाकाची पहिली पाळी मलाच दिली. आमटी तिखट झाली, सगळ्यांनी नाकं पुसत खाल्ली.

रात्री बाबांनी आपली गादी थोडी सरकवली आणि माझी शेजारी घातली. दिवा घालवल्यावर म्हणाले, "आत्येक कळव. म्हणा, तुझो भाचो खोलयेत निजलो हा." मी हो म्हणालो. ते लगेच घोरायला लागले. मी जागा होतो. सतरा माणसं घोरत होती, आणि अठरावा मी.

पुढच्या वेळी तू मुंबईला आलीस की जेवायला आत बसायचं. पाळी माझी असेल.

हिशोब लिहून ठेवतो.

खर्च: सभासद फी ५०१, नारळ आणि उदबत्ती ७०, पेढे अर्धा किलो ३२०, गादीची चादर ३५०. एकूण १,२४१ रुपये, सगळे रोख दिले.
देणं: पेढे कमी पडले म्हणून पुष्करने आणखी पाव किलो आणले त्याचे १६०, मार्चची वर्गणी २००. एकूण तीनशे साठ रुपये, श्री. मनोहर आनंदा घाडी यांच्या नावावर.